पंचवीस वर्षांच्या सुट्ट्या आणि दिल्लीहून आलेला फोन

वाचकाचे पत्र

मी मुलुंडला राहते. २०१३ मध्ये ठाण्याच्या एका मॉलमध्ये आम्ही सोडतीचे कूपन भरले आणि आठवडाभराने ‘तुम्हाला भेटवस्तू लागली आहे, पती-पत्नी दोघांनी यावे’ असा फोन आला. अंधेरीच्या हॉटेलात तीन तास बसवून त्यांनी आम्हाला एका कंपनीचे पंचवीस वर्षांचे हॉलिडे सदस्यत्व विकले. साडेतीन लाख रुपये हप्त्यांनी भरले. वर्षाला सात रात्री मिळतात. सुरुवातीला मुलांना घेऊन पाच-सहा वेळा गेलो आणि खरे सांगायचे तर मजाही आली. पण पुढे मे महिन्यात आणि दिवाळीत खोली मिळेना. आता यजमान निवृत्त झाले आहेत, त्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे, मुलगा बंगळूरला असतो. गेली तीन वर्षे आम्ही कुठेही गेलो नाही, पण वार्षिक शुल्क मात्र बँकेतून कापले जाते. ते आता करासह बावीस हजारांवर पोहोचले आहे. मागच्या महिन्यात दिल्लीहून फोन आला की तुमची मेंबरशिप साडेसात लाखांना घेणारे गिऱ्हाईक तयार आहे, फक्त अठ्ठावीस हजार फाईल चार्ज आधी भरा. यजमान म्हणतात, भरून टाकू. परदेशात टाइमशेअर कंपन्या, म्हणजे रिसॉर्टची खोली दरवर्षी ठरावीक दिवस वापरण्याचा हक्क विकणाऱ्या आमच्या कंपनीसारख्या कंपन्या, एकमेकींना हजारो कोटींना विकत घेत आहेत अशा बातम्या त्यांनी वाचल्या आहेत, म्हणजे आपल्या सदस्यत्वालाही भाव आला असणार, असे त्यांना वाटते. मला मात्र धास्ती वाटते, कारण माझ्या नणंदेचे पैसे पॅनकार्ड क्लब नावाच्या अशाच एका हॉलिडे कंपनीत अडकले होते. आता लेकीला आणि जावयांनाही अशाच एका कंपनीने येत्या रविवारी बोलावले आहे. काय करावे?

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातली सर्वांत तातडीची गोष्ट आधी सांगते. दिल्लीहून फोन करणाऱ्या त्या माणसाला अठ्ठावीस हजार काय, अठ्ठावीस रुपयेही देऊ नका. आधार किंवा पॅन कार्डाची छायाप्रत आणि रद्द केलेला धनादेशही पाठवू नका. तो ‘करारनामा’ पाठवतो असे म्हणाला तर पाठवू द्या, पण त्यावर सही करू नका आणि मोबाइलवर आलेला कोणताही ओटीपी त्याला सांगू नका.

माझे हे म्हणणे यजमानांना पटावे म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. ज्या माणसाला सुट्ट्यांचे सदस्यत्व हवे आहे, तो कंपनीकडे जाऊन पूर्ण मुदतीचे नवे सदस्यत्व हप्त्यांवर घेऊ शकतो. मग तुमचे अर्धी मुदत संपलेले सदस्यत्व तो तुमच्या मूळ किमतीच्या दुपटीहून अधिक रक्कम मोजून का घेईल? शिवाय असे सदस्यत्व एका नावावरून दुसऱ्या नावावर करायचे झाले, तर कंपनीची लेखी संमती लागते आणि हस्तांतर शुल्क कंपनीकडेच भरावे लागते. त्या व्यवहारात तिऱ्हाइताने ‘फाईल चार्ज’ घेण्याचे कारणच नाही. खरा दलाल आपली दलाली विक्रीच्या रकमेतून कापून घेतो. खात्यात काही जमा होण्याआधी जो तुमच्याकडेच पैसे मागतो, त्याचे गिऱ्हाईक तुम्हीच असता.

अशा फोनमागची साखळी आता पुष्कळांना परिचित झाली आहे. पहिली रक्कम मुद्दाम लहान ठेवतात, म्हणजे ती भरताना फारसा विचार होत नाही. ती भरली की ना हरकत प्रमाणपत्राचे पैसे, मग मुद्रांक शुल्क, मग टीडीएस, मग ‘नंतर परत मिळणारा’ जीएसटी, अशी मागणी वाढत जाते आणि प्रत्येक वेळी ‘आता एवढेच, उद्या चेक’ असे सांगितले जाते. रिझर्व्ह बँकेचे किंवा न्यायालयाचे बोधचिन्ह असलेली बनावट पत्रेही व्हॉट्सॲपवर येतात. तुमचा सदस्य क्रमांक आणि शिल्लक वर्षे त्याला ठाऊक होती म्हणून यजमानांचा विश्वास बसला असेल, पण सदस्यांच्या याद्या हातोहात फिरत असतात, त्यामुळे ती माहिती असणे हा खरेपणाचा पुरावा नव्हे. कोणी आधीच फसले असेल, तर काही महिन्यांनी एखादा ‘वकील’ बुडालेले पैसे वसूल करून देतो म्हणून फोन करतो. तोही बहुधा त्याच टोळीतला असतो.

हा प्रकार केवळ आपल्याकडचा नाही. मेक्सिकोतील पुएर्तो वायार्ता या किनाऱ्यावरच्या पर्यटनस्थळी अमेरिकी टाइमशेअरधारकांना, त्यातही वयस्कर लोकांना, नेमका हाच फोन करून लुबाडण्याचा धंदा हालिस्को राज्यातल्या अमली पदार्थांच्या टोळीने उभा केला होता. अमेरिकेच्या वित्त मंत्रालयाने २०२३ मध्ये त्यासाठी त्या टोळीशी संबंधित व्यक्तींवर आणि कंपन्यांवर निर्बंध लादले. तिथेही ‘गिऱ्हाईक तयार आहे, आधी कर भरा’ हेच शब्द होते. तेव्हा यजमानांना फोनवरचे बोलणे खरे वाटले, यात त्यांना दोष देऊ नका. तो फोन अनुभवी माणसालाही खरा वाटेल असाच रचलेला असतो. यापूर्वी त्या माणसाला काही रक्कम दिली गेली असेल, तर आजच्या आज १९३० या सायबर गुन्हे मदत क्रमांकावर कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी ती रक्कम पुढच्या खात्यात गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते.

आता यजमानांच्या दुसऱ्या मुद्द्याकडे वळते. त्यांनी वाचलेल्या बातम्या खऱ्याच आहेत. २०१८ मध्ये मॅरियट व्हेकेशन्स वर्ल्डवाइडने आयएलजी ही कंपनी सुमारे ४.७ अब्ज डॉलरना घेतली. हिल्टन ग्रँड व्हेकेशन्सने २०२१ मध्ये डायमंड रिसॉर्ट्स आणि जानेवारी २०२४ मध्ये ब्लूग्रीन व्हेकेशन्स घेतली. ब्लूग्रीनचा सौदा तिच्या कर्जासह सुमारे दीड अब्ज डॉलरचा होता. विंडम डेस्टिनेशन्सने २०२१ मध्ये ट्रॅव्हल अँड लेझर हे पर्यटन मासिकाचे नामांकित नाव दहा कोटी डॉलरना विकत घेऊन स्वतःचेच नाव बदलून टाकले. आपल्याकडे १९८६ मध्ये सुरू झालेली स्टर्लिंग हॉलिडे रिसॉर्ट्स थॉमस कुक इंडियाच्या समूहात गेली, तर १९९६ मध्ये सुरू झालेल्या महिंद्र हॉलिडेजने फिनलंडमधील हॉलिडे क्लब रिसॉर्ट्समध्ये भांडवल घातले.

पण या सौद्यांत काय विकत घेतले गेले, ते पाहिले पाहिजे. घेणाऱ्या कंपनीला हॉटेलांच्या इमारती मिळतात, विक्रीची यंत्रणा मिळते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे दरवर्षी न चुकता शुल्क भरणारे लक्षावधी सदस्य मिळतात. ताई, त्या सौद्याच्या किमतीत तुमच्यासारख्यांचे पुढच्या वर्षांचे बावीस-बावीस हजार धरलेले असतात. कंपनीच्या दृष्टीने जी आवक आहे, ती तुमच्या दृष्टीने जावक आहे, आणि म्हणून कंपनीचा भाव वाढल्याने सदस्यत्वाचा भाव वाढत नाही. अमेरिकेत तर अनेक ठिकाणी टाइमशेअरचा आठवडा स्थावर मालमत्तेसारखा नोंदणीकृत दस्ताने विकला जातो, म्हणजे धारकाच्या हाती निदान एक दस्त तरी असतो. तरीही तिथे हजारो डॉलरना घेतलेले आठवडे पुनर्विक्रीच्या संकेतस्थळांवर एका डॉलरला देऊ केलेले दिसतात, कारण घेणाऱ्याला त्यासोबत दरवर्षीचे देखभाल शुल्कही स्वीकारावे लागते. आपल्याकडे तर तुमच्या हाती दस्तही नाही. दुय्यम निबंधकाकडे तुमच्या नावाची नोंद नाही, सातबाऱ्यावर किंवा मालमत्ता पत्रकावर काही नाही. आहे तो कंपनीशी झालेला, ठरावीक वर्षे खोली वापरण्याचा करार. तुम्ही पंचवीस वर्षांच्या मुक्कामाचे भाडे आगाऊ भरले आहे, इतकाच त्याचा अर्थ. त्यातली बारा वर्षे गेली.

हा उद्योग स्वतः कोणत्या दिशेने चालला आहे, हेही यजमानांना दाखवा. एकेकाळी स्टर्लिंगने नव्व्याण्णव वर्षांची सदस्यत्वे विकली. पुढे पंचवीस वर्षांची मुदत रूढ झाली आणि आता त्याहून कमी मुदतीच्या, काही तर दहा किंवा तीन वर्षांच्या योजनाही बाजारात आल्या आहेत. ठरलेला आठवडा आणि ठरलेला रिसॉर्ट जाऊन जगभर गुणांची पद्धत आली, म्हणजे दरवर्षी काही गुण मिळतात आणि ते खर्चून खोली घ्यायची. विकणाऱ्यांनीच मुदत आखडती घेतली आहे, कारण आजची तरुण जोडपी पाव शतकासाठी बांधून घ्यायला तयार होत नाहीत. मग तुमची जुनी, लांब मुदतीची योजना खुल्या बाजारात चढ्या भावाने कोण मागेल?

या संदर्भात आणखी एक इशारा द्यायचा आहे. तुम्ही कंपनीकडे कुरकुर केलीत की पुष्कळदा एखादा प्रतिनिधी अत्यंत नम्रपणे सांगतो, ‘मॅडम, तुमची योजना जुनी आहे म्हणून बुकिंग मिळत नाही, थोडे पैसे भरून गुणांच्या योजनेत या.’ हे अपग्रेड म्हणजे नवा करार असतो. त्यात मुदत पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजली जाऊ शकते, शुल्काचा दर बदलू शकतो आणि जुन्या करारातल्या तुमच्या तक्रारी तुम्ही सोडून दिल्या, असे एखादे वाक्यही त्यात असू शकते. ज्यातून बाहेर पडायचे आहे, त्यातच आणखी भर घालू नका.

आता हिशेब. गेलेले साडेतीन लाख बाजूला ठेवा. ते मनाला लागतात हे मी समजू शकते, पण ते राहिलात तरी परत येत नाहीत आणि सोडलेत तरी परत येत नाहीत, म्हणून पुढच्या निर्णयात त्यांना जागा देऊ नये. विचार करायचा तो फक्त इथून पुढच्या तेरा वर्षांचा. सध्याचे बावीस हजारांचे शुल्क दरवर्षी सहा टक्क्यांनी वाढेल असे धरले, तर शेवटच्या वर्षी ते ४४ हजारांच्या पुढे जाईल आणि तेरा वर्षांत एकूण सुमारे ४ लाख १५ हजार रुपये तुमच्या खात्यातून जातील. म्हणजे मूळ किमतीहूनही जास्त रक्कम अजून भरायची राहिली आहे. वाढीचा दर मी उदाहरणासाठी घेतला आहे. तुमच्या गेल्या बारा पावत्या काढून प्रत्यक्ष वाढ किती झाली ते बघा आणि तोच दर पुढे लावून पाहा.

सातही रात्री वापरल्या, तर आज एका रात्रीला साधारण ३,१४० रुपये पडतात. हा दर वाईट नाही. महाबळेश्वरला, गोव्याला किंवा मुन्नारला बऱ्या रिसॉर्टची खोली या भावात सहज मिळत नाही, आणि नियमित जाणाऱ्या कुटुंबांना सदस्यत्व परवडते ते याचमुळे. मात्र तीनच रात्री वापरल्या तर तोच दर ७,३०० रुपयांच्या वर जातो, आणि एकही वापरली नाही तर दर काढायलाच काही उरत नाही. यात प्रवास आणि जेवण वेगळे. रिसॉर्टमधल्या जेवणाचे दर तुम्ही स्वतः अनुभवले आहेतच. करांतही एक फरक पडला आहे. सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला साडेसात हजारांपर्यंत भाडे असलेल्या हॉटेलच्या खोलीवर पाच टक्के जीएसटी लागतो, तर सदस्यत्वाच्या वार्षिक शुल्कावर अठरा टक्के. जे जोडपे वर्षातून एकदाच तीन-चार दिवस बाहेर जाते, त्याने थेट हॉटेल घेणे आता अधिक सोयीचे झाले आहे.

म्हणून मी तुम्हाला एकच प्रश्न विचारते, आणि तो यजमानांसोबत बसून, त्यांच्या डॉक्टरांचे मत घेऊन सोडवा: येत्या दोन वर्षांत तुम्ही दोघे वर्षाला निदान पाच रात्री खरोखर बाहेर राहाल का? उत्तर हो असेल, तर सदस्यत्व ठेवण्यात तोटा नाही. तुमच्या बाजूने एक मोठी गोष्ट बदलली आहे, ती म्हणजे आता शाळेच्या सुट्ट्यांचे बंधन राहिले नाही. मे आणि दिवाळीत सारेच सदस्य एकदम खोल्या मागतात, म्हणून तेव्हा नकार येतो. फेब्रुवारीच्या मधल्या वारी महाबळेश्वर किंवा गणपतीनंतरचे गोवे मागून पाहा. कंपन्या गर्दीप्रमाणे हंगामांना रंग देतात आणि प्रत्येक सदस्यत्व एका रंगाचे असते. तुमच्या रंगाहून खालच्या हंगामात खोली मिळणे सोपे असते, आणि त्यासाठी काही योजनांत रात्रीही कमी वळत्या होतात. न वापरलेल्या रात्री किती वर्षे साठवता येतात आणि त्या मुलाला किंवा लेकीला वापरायला देता येतात का, हे करारात लिहिलेले असते. तीन वर्षांच्या एकवीस रात्री तुमच्या खात्यात असतील, तर सदस्यत्व सोडण्यापूर्वी त्या वापरून घेणे हाच तुम्हाला मिळू शकणारा सर्वांत मोठा परतावा आहे. बंगळूरच्या मुलाला कूर्ग किंवा उटी जवळ आहे. तुम्ही तिकडे गेलात की त्यालाही सोबत घेता येईल.

उत्तर नाही असेल, आणि तुमच्या पत्रावरून मला ते नाहीच वाटते, तर बाहेर पडण्याचा मार्ग नीट आखावा लागेल. बँकेत जाऊन शुल्काची स्वयंचलित कपात आज बंद करणे हा तो मार्ग नव्हे. शुल्क थकले तर करारानुसार व्याज लागते, वापराचा हक्क थांबतो, आणि मग जमा असलेल्या रात्रीही हाती लागत नाहीत. शिवाय थकबाकीदार म्हणून तक्रार घेऊन जाण्यापेक्षा सर्व देणी भरलेला ग्राहक म्हणून जाणे केव्हाही चांगले.

आधी कपाटातला मूळ करार काढा आणि त्यातली चार कलमे वाचा: सदस्यत्व परत करण्याचे, हस्तांतराचे, शुल्कवाढीचे आणि सदस्याच्या मृत्यूनंतरचे. या शेवटच्या कलमाची भीती अनेकांना वाटते, म्हणून सांगते. आपल्या कायद्याप्रमाणे वारस मृताची देणी वारशाने मिळालेल्या मालमत्तेच्या मर्यादेतच देणे लागतात, स्वतःच्या कमाईतून नव्हे. त्यामुळे ‘तुमच्यानंतर मुलाला भरावे लागेल’ असे कोणी दटावले तर दबू नका. सदस्यत्व पुढे चालवायचे की नाही, हा निर्णय मुलाचा राहील.

मग कंपनीला पत्र लिहा. ईमेल कराच, पण कागदी पत्रही स्पीड पोस्टाने, पोहोच पावतीसह पाठवा. त्यात खात्याचा पूर्ण उतारा, शिल्लक रात्रींचा तपशील, आजवर नाकारलेल्या बुकिंगच्या नोंदी आणि सदस्यत्व परत करण्याची कार्यपद्धती लेखी मागा. यजमानांचे वय आणि शस्त्रक्रिया यांचा उल्लेख करून डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडा. काही कंपन्या शिल्लक वर्षांच्या प्रमाणात थोडीफार रक्कम देतात, काही एक पैसाही न देता फक्त पुढचे शुल्क थांबवतात. माझ्या मते दुसरा पर्याय मिळाला तरी तो स्वीकारावा, कारण पुढचे चार लाख वाचणे ही लहान गोष्ट नाही. मात्र ‘देणे-घेणे उरले नाही’ असे लेखी घेतल्यावरच बँकेतली कपात रद्द करा.

कंपनीने दाद दिली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथला तक्रार क्रमांक पुढे उपयोगी पडतो. त्यानंतरचा टप्पा ग्राहक आयोगाचा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रारदार जिथे राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे तुमच्यासाठी मुंबई उपनगर जिल्हा आयोग. तक्रार ऑनलाइनही दाखल होते. मोजलेली रक्कम पाच लाखांच्या आत असल्याने तक्रारीचे शुल्क लागत नाही आणि वकील नेमण्याची सक्ती नाही. करारात ‘वाद झाल्यास फक्त अमुक शहरातील न्यायालय’ किंवा ‘लवादाकडेच जावे लागेल’ असे छापलेले असेल, तर त्याने घाबरू नका. लवादाचे कलम असले तरी ग्राहक आयोगाचे दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एमार एमजीएफ या बांधकाम कंपनीच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे.

पण इथे मला तुम्हाला खोटी आशा द्यायची नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत आयोगाकडे जावे लागते. २०१३ मध्ये अंधेरीच्या हॉटेलात ‘वाटेल तेव्हा, वाटेल तिथे’ असे सांगितले गेले असेल, तरी त्या तोंडी आश्वासनावर आज दावा टिकवणे कठीण आहे. गेल्या दोन वर्षांत लेखी बुकिंग मागूनही नाकारले गेले असेल, किंवा शुल्क करारातल्या मर्यादेहून जास्त वाढवले असेल, तर मात्र तुमची बाजू भक्कम होते. करारातली एखादी अटच एकतर्फी आणि अन्यायकारक आहे असे म्हणायचे असेल, तर त्या अटी रद्द ठरवण्याचा अधिकार राज्य आयोगाला आहे आणि त्यासाठी जाणकाराची मदत घ्यावी लागेल. विलेपार्ल्याची मुंबई ग्राहक पंचायत गेली अनेक दशके ग्राहकांना मार्गदर्शन करीत आहे. कागदपत्रे घेऊन तिथे जा.

तुमच्या नणंदबाईंच्या अनुभवामुळे वाटणारी धास्ती मला समजते, पण ती बाब वेगळी होती. मुंबईत मुख्यालय असलेल्या पॅनकार्ड क्लब्जने हॉटेलच्या रात्री विकल्याचे दाखवले, पण त्या न वापरणाऱ्याला मुदतीअंती वाढीव रक्कम देण्याचे आमिष होते. म्हणजे नाव सुट्टीचे आणि व्यवहार ठेवीचा. सेबीने, म्हणजे भांडवल बाजाराच्या नियामक संस्थेने, ती लोकांचे पैसे एकत्र गुंतवणारी सामूहिक गुंतवणूक योजना ठरवली. पन्नास लाखांहून अधिक लोकांकडून सात हजार कोटींहून अधिक रुपये गोळा झाल्याचे चौकशीत निघाले आणि २०१६ च्या फेब्रुवारीत ते परत करण्याचा आदेश झाला. मुंबईतल्याच रॉयल ट्विंकल स्टार क्लबवर सेबीने २०१५ मध्ये अशाच कारणासाठी कारवाई केली होती. त्यात किती मराठी घरांची निवृत्तीची पुंजी गेली, हे आठवले की आजही जीव तुटतो. तुमच्या करारात परताव्याचे वचन नसेल, तर तो त्या जातीचा नाही. तुम्ही खोलीचे पैसे भरलेत, खोली मिळण्याचा हक्क तुमचा आहे आणि वाद असेल तर तो सेवेविषयीचा आहे. पण पुढे कधीही कोणी ‘रात्री वापरा, नाहीतर व्याजासह पैसे घ्या’ असे म्हणाले, तर त्या क्षणी उठून यावे.

लेकीचे बोलावणे येत्या रविवारचे आहे, म्हणून तिला हे आजच सांगा. युरोपीय संघात २००८ च्या निर्देशानुसार टाइमशेअर घेणाऱ्याला चौदा दिवसांत विनाकारण करार मोडता येतो आणि त्या काळात त्याच्याकडून आगाऊ पैसे घेण्यास विक्रेत्याला बंदी आहे. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात ही मुदत दहा दिवसांची आहे. स्पेनमध्ये पन्नास वर्षांच्या कायदेशीर मर्यादेहून लांब मुदतीचे करार तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये अवैध ठरवले आणि असंख्य धारक मोकळे झाले. आपल्याकडे टाइमशेअरसाठी असा स्वतंत्र कायदा अद्याप नाही. तो व्हायला हवा असे मला मनापासून वाटते, कारण तीन तासांच्या सभेत, भेटवस्तूच्या दडपणाखाली, पती-पत्नींना एकमेकांशी एकांतात बोलूही न देता पाव शतकाचा करार करून घेणे ही पद्धत ग्राहकाला न्याय्य नाही. काही कंपन्या करारातच दहा-पंधरा दिवसांची माघारीची मुदत देतात. ती आहे का, आणि भरलेली पूर्ण रक्कम परत मिळते का, हे सही करण्याआधी छापील कागदावर पाहावे.

लेक आणि जावई सभेला गेले, तर क्रेडिट कार्ड घरी ठेवून जाऊ देत. ‘ही सवलत फक्त आज रात्रीपुरती’ असे त्यांना सांगितले जाईल. तेव्हा त्यांनी कराराचा नमुना घरी नेऊन वाचण्यासाठी मागावा, आणि तो मिळाला नाही तर त्याच कारणासाठी नकार द्यावा. त्यांची मुले लहान असतील आणि ते दरवर्षी ठरवून हिंडणारे असतील, तर अल्पमुदतीच्या योजनेचा विचार करायला माझी हरकत नाही. मात्र त्याआधी गेल्या दोन वर्षांत आपण प्रत्यक्ष किती रात्री बाहेर राहिलो, हे त्यांनी कागदावर मांडावे, आणि वार्षिक शुल्कवाढीला करारात कमाल मर्यादा आहे की नाही ते बघावे. ही मर्यादा नसलेला करार मी माझ्या घरातल्या कोणालाही करू देणार नाही.

तुमचे पुढचे वार्षिक शुल्क कोणत्या तारखेला कापले जाते, ते बँकेच्या पासबुकात पाहा आणि त्या तारखेच्या निदान दीड-दोन महिने आधी कंपनीच्या हाती पत्र पडेल असे बघा, कारण कित्येक करारांत त्या वर्षाचे शुल्क देय झाल्यानंतर केलेला अर्ज पुढच्या वर्षी विचारात घेतला जातो. पत्राचा मसुदा मराठीत केलात तर इंग्रजी प्रतही जोडा, आणि सदस्यत्व यजमानांच्या नावावर असेल तर सही त्यांचीच असू द्या. कंपनीचे उत्तर आले की करारातल्या त्या चार कलमांच्या छायाप्रती, नाव आणि सदस्य क्रमांक झाकून, मला पाठवा. त्या पाहून पुढचे पाऊल कोणते टाकावे ते कळवीन.